जत्रेच्या फाटकावरची पट्टी : ग्लँडर्सच्या झटपट चाचणीचं एक प्रकरण

ग्वाल्हेरजवळ भरणाऱ्या जनावरांच्या एका जत्रेत घोडे, खेचरं आणि गाढवं आत सोडण्याआधी फाटकावरच रक्ताचा थेंब घेऊन ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची पट्टी-चाचणी करायची की नाही, एवढाच निर्णय घ्यायचा होता. पट्टी तयार होती. ती बनवणारं पथक चौघांचं, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर काम करणारं. जत्रेला दोन महिने होते. पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी उत्सुक होते, जत्रेची समिती धास्तावलेली होती, आणि ज्यांची जनावरं तपासायची त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पथक, जत्रा आणि माणसं वर्गातल्या चर्चेसाठी रचलेली आहेत. रोग, जंतू, चाचण्यांचं शास्त्र, कायदा आणि इतिहास खरा आहे.

रोग

ग्लँडर्स हा घोड्याच्या कुळाचा रोग. बर्खोल्डेरिया मॅलिआय नावाच्या जिवाणूमुळे होतो. १८८२ मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ यांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला. खेचर आणि गाढव यांच्यात तो झपाट्याने वाढतो. घोड्यात मात्र महिनोन्महिने मुरतो, आणि हीच त्याची खोड जास्त घातक. नाकातून चिकट पू, नाकाच्या आत व्रण, फुप्फुसात गाठी, कातडीखाली ओळीने उठून फुटणाऱ्या गाठी, ही लक्षणं दिसतात तोवर त्या जनावराने कित्येक हौदांत तोंड घातलेलं असतं. एकाच हौदावर पाणी पिणं हा पसरण्याचा सोपा मार्ग, आणि जत्रेत हौद सामाईकच असतो. रोगावर लस नाही.

माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर वाईट. घोडेवाले, खाटीक, पशुवैद्य आणि प्रयोगशाळेतली माणसं हे जोखमीचे लोक. २००० साली अमेरिकेत लष्करी संशोधन संस्थेतल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला ग्लँडर्स झाला. १९४५ नंतरची त्या देशातली ती पहिली नोंद. या माणसाचं कामच त्या जंतूवर होतं, तरी निदानाला कित्येक आठवडे लागले. मधल्या काळात रुग्णालयातल्या स्वयंचलित यंत्राने त्याच्या नमुन्यातला जंतू स्यूडोमोनास या वेगळ्याच जिवाणूच्या नावाने ओळखला होता. यंत्राला ज्या जंतूंची ओळख शिकवलेली असते त्यांतूनच ते नाव काढतं. जो यादीत नाही त्याला ते शेजाऱ्याचं नाव देतं. चाचणी बनवणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा एकदा तरी नीट वाचावा असं मला वाटतं. रुग्ण वाचला.

संरक्षण खात्यांना या रोगात रस असण्याचं कारण जुनं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रूसैन्याकडे निघालेल्या घोड्या-खेचरांमध्ये हा रोग पेरण्याचा प्रयत्न केला होता. आजही अमेरिकेच्या जैविक धोक्यांच्या यादीत तो ‘ब’ गटात आहे. भारतात त्याच्यासाठी १८९९ मध्येच वेगळा कायदा झाला होता. आता २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा लागू आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रात तो पुन्हा दिसला आणि पुढे उत्तरेतल्या अनेक राज्यांत सापडत राहिला.

कायद्याचं टोक तीक्ष्ण आहे. रोग पक्का झाला की जनावराला वेदनारहित मरण द्यायचं, शव खोल पुरायचं किंवा जाळायचं, आणि परिसरातल्या घोडावर्गाची ये-जा थांबवायची. उपचार करायचे नाहीत. भरपाईची तरतूद आहे, पण ती पक्क्या अहवालानंतर आणि सरकारी गतीने.

ग्वाल्हेरच का

संस्थानी काळाच्या शेवटी इथे जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ पासून तिला डीआरडीई (संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना) म्हणून ओळखतात. रासायनिक आणि जैविक घातक द्रव्यं ओळखण्याचं काम देशात जिथे होतं त्यातली ही मुख्य जागा. विषमज्वर, डेंगी, चिकुनगुनिया यांच्या चाचण्यांवर इथे काम झालं आहे. १९९४ मध्ये बीड आणि सुरतला प्लेग आला तेव्हा तिथले जंतू वेगळे काढून ओळखण्यातही इथल्या शास्त्रज्ञांचा हात होता. सुरतेतून लोक गाड्या भरभरून पळाले, आणि ‘हा प्लेगच का?’ हा वाद आजार ओसरल्यावरही चालू राहिला. खाटेशेजारी पंधरा मिनिटांत उत्तर देणारी चाचणी तेव्हा नव्हती. प्लेगची तशी पट्टी पुढे मादागास्करमध्ये घडली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

डीआरडीईचा या पथकाशी संबंध नाही. पण अशी संस्था गावात असली की शिकलेली पोरं गावात राहतात. पथकप्रमुख ताई जीवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या, घरी मराठी, बाहेर हिंदी, प्रयोगवहीत इंग्रजी.

दुसरं कारण घोडे. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला तो मुळात जनावरांचाच. आता तिथे मोटारी जास्त विकल्या जातात, पण आसपासच्या लहान जत्रांत घोड्यांचा बाजार अजून भरतो. वरातीचे घोडे, वीटभट्टीवरची खेचरं आणि गाढवं, हौसेचे मारवाडी आणि काठियावाडी घोडे, सगळे एका मैदानावर येतात.

पट्टी कशी घडली

ताईंच्या पुढे पर्याय होते. जंतू वाढवून ओळखणं हा सर्वांत पक्का मार्ग, पण त्यासाठी कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. वाड्याच्या तळमजल्यावर तो विचारही गुन्हा. पापणीत मॅलिन (याच जंतूपासून काढलेलं द्रव्य) टोचून सूज बघायची रीत जुनी. तिला दोन दिवस लागतात आणि जनावर तेवढा वेळ जाग्यावर हवं. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, अचूक असतो. या जंतूच्या फ्लिप नावाच्या जनुकात एक आगंतुक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे तो हालचाल करू शकत नाही, आणि नेमका तो सांधा पकडला की दुसऱ्या कुठल्याही जंतूशी गल्लत होत नाही. पण मुरलेल्या रोगात रक्तात किंवा नाकात जंतू सापडेलच असं नसतं. नमुन्यात जंतू नसेल तर पीसीआर तरी काय करणार?

म्हणून प्रतिपिंडांची पट्टी. जनावराच्या शरीराने जंतूविरुद्ध जे प्रतिपिंड तयार केले ते शोधायचे. जंतूच्या एचसीपी-१ या प्रथिनावर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने एलायझा ही प्रतिपिंड शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी उभी केली आहे. ते प्रथिन ई. कोलाय नावाच्या दुसऱ्याच जिवाणूत बनवता येतं, म्हणजे खरा जंतू घरात आणावाच लागत नाही. पथकासाठी हा सगळ्यात मोठा दिलासा होता.

त्यातही एक खाच होती. प्रथिन ई. कोलायमध्ये बनतं, आणि ई. कोलाय प्रत्येक घोड्याच्या आतड्यात असतो. शुद्धीकरणात त्याचा थोडा जरी गाळ राहिला तर निरोगी घोड्याचे प्रतिपिंडही त्याला चिकटतात आणि पट्टीवर रेघ उमटते. पहिल्या तुकडीच्या पट्ट्या याच कारणाने फेकाव्या लागल्या. शुद्धीकरणाची एक पायरी वाढली, खर्च वाढला, रेघा गेल्या.

रचना अशी ठरली : प्रथिनाचा एक हिस्सा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवायचा, दुसरा हिस्सा नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर रेघेत बसवायचा. रक्तातल्या प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताने तो सोन्याचा कण धरतो, दुसऱ्याने रेघ. कण जमले की लालसर रेघ दिसते. यात प्रतिपिंड घोड्याचा की गाढवाचा याने फरक पडत नाही, वेगळा अभिकर्मक लागत नाही. निदान कागदावर तरी. वरची दुसरी, नियंत्रणाची रेघ फक्त एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत पोचला. ती उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असा समज फाटकावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा हमखास होतो, आणि तो काढायला प्रशिक्षणाचा अर्धा वेळ जातो.

हवामानाचं निराळंच. ग्वाल्हेरचा जून ४५ अंशांच्या वर जातो; ओलावा शिरला की नायट्रोसेल्युलोज बिघडतं. म्हणून पुडीत सिलिका जेल, आणि पुडी उघडल्यावर लगेच वापर. उन्हाळ्याची तयारी सगळ्यांनी केली होती. जत्रा मात्र हिवाळ्यात होती, आणि थंडीत द्रव पट्टीवर सावकाश चढतो याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका वीटभट्टीवर पहाटे घेतलेल्या चाचणीत पंधराव्या मिनिटाला पट्टी कोरी, पंचविसाव्या मिनिटाला पुसट रेघ. ती खरी की सुकताना उमटणारी भुताची रेघ? तिघांनी बघितली आणि तीन मतं झाली. टॉर्चच्या उजेडात दिसली, उन्हात दिसेनाशी झाली. भट्टीवरचा खेचरवाला हे सगळं शांतपणे बघत होता. मग त्याने विचारलं, “बहनजी, ये लकीर आई तो मेरे जानवर का क्या होगा?”

ताईंनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतं.

आकड्यांचा हिशोब

इथे थोडं थांबून गणित करू. समजा पट्टीची संवेदनशीलता ९५ टक्के आहे, म्हणजे १०० रोगी जनावरांतली ९५ ती पकडते. विशिष्टता ९७ टक्के, म्हणजे १०० निरोगींतल्या ३ जणांवर ती चुकून बोट ठेवते. ऐकायला दोन्ही आकडे चांगले. आता जत्रेत १००० जनावरं आली आणि त्यांत खरोखर रोगी एकच आहे असं धरा. पट्टी त्या एकाला बहुधा पकडेल. त्याबरोबर ९९९ निरोगींपैकी साधारण ३० जणांवरही रेघ उमटेल. फाटकावर ३१ मालक उभे, त्यांतल्या ३० जणांचं जनावर धडधाकट.

विशिष्टता ९९.५ टक्क्यांवर नेली तर खोटी रेघ पाचांवर येते. पण ९९.५ टक्के हा दावा सिद्ध कसा करायचा? संख्याशास्त्रात तीनाचा म्हणून एक सोपा नियम आहे : काहीतरी ‘न’ वेळा तपासलं आणि एकदाही चूक झाली नाही, तर खरी चूक ३ भागिले ‘न’ पेक्षा जास्त नाही असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली यायचं तर ६०० पक्की निरोगी जनावरं तपासायला हवीत आणि त्यांत एकही खोटी रेघ येता कामा नये. हे कष्टाचं आहे, पण शक्य आहे.

रोगी बाजू कठीण. रोग पक्का झाला की जनावर मारलं जातं, त्यामुळे पक्क्या रोगी जनावरांचं सीरम दुर्मीळ असतं आणि मोजक्या ठिकाणी जपून ठेवलेलं असतं. समजा ३० नमुने मिळाले आणि पट्टीने सगळे पकडले, तरी तीनाच्या नियमाने एवढंच म्हणता येतं की ती दहांतला एक रोगी सोडत असण्याची शक्यता आपण नाकारू शकत नाही. पुडीवर ‘१०० टक्के संवेदनशील’ छापायला कायदा आडवा येवो न येवो, अंकगणित येतं.

पथकातल्या सर्वांत तरुण मुलाने सुचवलं, दोन वेगळ्या प्रथिनांच्या दोन पट्ट्या लावू. तीन टक्क्यांचे तीन टक्के म्हणजे ०.०९ टक्के, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. हा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात. बर्खोल्डेरिया मॅलिआय हा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआयचाच वंशज. वाटेत बरीच जनुकं गाळून घोडावर्गापुरता उरलेला. स्यूडोमॅलिआय मातीत राहतो, किनारी कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत माणसांना मेलिओइडोसिस नावाचा आजार करतो, आणि एचसीपी-१ त्याच्याकडेही आहे. त्याच्या संपर्कात आलेला घोडा दोन्ही पट्ट्यांना फसवू शकतो. गाढव-खेचरांचं सीरम रोग नसतानाही चिकटतं, त्याचंही तेच.

बैठक

निर्णयाच्या आधी एक बैठक झाली. ताईंच्या शेजारचे, निवृत्त सरकारी पशुवैद्य असलेले काका, पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी आणि जत्रेच्या समितीचे खजिनदार. खजिनदार मराठीच, चार पिढ्या ग्वाल्हेरात, बोलताना अर्धी वाक्यं हिंदीत.

अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. आज फाटकावर काय होतं? एक कर्मचारी नाकाकडे बघतो आणि सोडतो. त्यापेक्षा पट्टी शंभर पटींनी बरी. रेघ आली तर जनावर परत पाठवा, जत्रा वाचली.

काकांनी विचारलं, “परत म्हणजे कुठे? रस्त्यावरच्या पुढच्या बाजारात?”

हा प्रश्न सगळ्यांना अडकवणारा होता. फाटकावरून हाकललेलं संशयित जनावर नाहीसं होत नाही. मालक घाबरून ते त्याच रात्री पडेल भावात विकतो. रोगी असेल तर रोग नव्या गावी जातो. निरोगी असेल तर एका गरिबाचं पोट गेलं. आणि पुष्टी करणारी प्रयोगशाळा हिसारला, रस्त्याने जवळपास पाचशे किलोमीटर. तिथे आधी एलायझा, मग सीएफटी (पूरक द्रव्य वापरून प्रतिपिंड ओळखणारी चाचणी). या दुसऱ्या चाचणीत गिनीपिगच्या सीरममधलं पूरक द्रव्य आणि मेंढीच्या लाल पेशी लागतात. काम कौशल्याचं आणि वेळखाऊ. अहवाल येईपर्यंत जत्रा उठलेली असणार.

“काका, मग काय पट्टी वापरायचीच नाही?” ताई चिडल्या होत्या. “दोन वर्षं घातलीत आम्ही.”

“वापर ना बाळ. पण फाटकावर कशाला? एवढी खिशात मावणारी वस्तू केलीस, आणि ती तू एका जागी खिळवून ठेवणार. जनावर तुझ्याकडे येण्याची वाट का बघतेस?”

मला या सगळ्या प्रकरणात हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. सुवाह्य चाचणीचा मोठा फायदा वेग नव्हे. ती तबेल्यात नेता येते हा आहे. फाटक ही चाचणीची सर्वांत वाईट जागा : गर्दी, घाई, थंडी, मालकाची इज्जत चारचौघांत, आणि संशयित जनावर बांधायला जागा नाही. तीच पट्टी जत्रेच्या तीन आठवडे आधी भट्टीवर किंवा तबेल्यात लावली तर जनावर स्वतःच्याच खुंट्यावर असतं, हिसारच्या अहवालाला वेळ मिळतो, आणि फाटकावर फक्त चिठ्ठी बघायची राहते. जागतिक आरोग्य संघटनेने झटपट चाचण्यांसाठी सुचवलेले निकष प्रसिद्ध आहेत : परवडणारी, संवेदनशील, विशिष्ट, वापरायला सोपी, झटपट आणि दणकट, यंत्राविना चालणारी, गरजूपर्यंत पोचणारी. रेघ उमटल्यावर जनावर कुठे बांधायचं हे त्यात नाही. ते ज्याने त्याने आपल्या गावात ठरवायचं.

खजिनदारांचा प्रश्न पैशाचा होता, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. जत्रा संक्रांतीनंतरची. खरमास संपून लग्नं पुन्हा सुरू होण्याचे दिवस. वरातीचा घोडा याच काळात वर्षाची कमाई करतो. तो तबेल्यात दहा-बारा दिवस बांधून ठेवा म्हणायचं तर मालक पहिल्या दिवशी हो म्हणेल आणि दुसऱ्या रात्री मागच्या दाराने वरातीला नेईल. दुकानांच्या भाड्यातून रोजचा खुंटाभत्ता द्यायचा, असं बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं. रक्कम वरातीच्या बिदागीपेक्षा कमी, चाऱ्याच्या खर्चापेक्षा जास्त.

काय केलं

पट्टीची भाषा बदलली. पुडीवरचा ‘पॉझिटिव्ह’ शब्द काढला आणि हिंदीत छापलं : ‘संदिग्ध, नमूना हिसार भेजें’. वाचायची वेळ घड्याळाने ठरवली. त्या खिडकीबाहेर उमटलेली रेघ नोंदवायची नाही, दुसरी पट्टी लावायची. थंडीसाठी उपाय साधा निघाला. पट्ट्या आणि द्रावणाची बाटली अंगावरच्या स्वेटरच्या आतल्या खिशात, आणि चाचणी ऊन चढल्यावर. दोघांनी एकमेकांना न सांगता वाचायचं आणि मगच वही उघडायची. रेघ उमटलेल्या जनावरासाठी वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि हाताळणाऱ्याला हातमोजे आणि मास्क. हातमोज्यांचा डबा पट्ट्यांच्या डब्यातच भरला, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

रक्त कोण काढणार यावरही वाद झाला. पथकाची पोरं तयार होती. काकांनी ठाम नकार दिला : मानेच्या शिरेतून रक्त पशुवैद्यच काढेल, कारण हिसारला पाठवायची नळी त्याच वेळी भरायची आहे. पट्टीला थेंब पुरतो म्हणून थेंबच घेतला तर पुष्टीसाठी पुन्हा जावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेला जनावर तिथे असेलच असं नाही. पट्टीच्या जाहिरातीत ‘एकच थेंब’ हे वाक्य मोठ्या अक्षरात होतं. ते बारीक केलं.

घोड्यांच्या बाबतीत योजना जवळजवळ ठरल्यासारखी चालली. थोड्या घोड्यांवर रेघ आली, नमुने गेले, अहवाल नकारार्थी आले, चिठ्ठ्या मिळाल्या, घोडे जत्रेत आले. एक मालक चिडून गेला तो परतलाच नाही. त्याच्या घोड्याचा अहवालही नकारार्थी होता, पण तो घ्यायलाही कोणी आलं नाही.

गुंता त्या वीटभट्टीवर झाला. लकीरचा प्रश्न विचारणाऱ्याच्याच एका खेचरावर स्पष्ट रेघ आली. हिसारच्या एलायझातही ते संशयित निघालं. सीएफटी मात्र वाचताच आली नाही. खेचर-गाढवांच्या सीरममध्ये पूरक द्रव्य आपणहून खाऊन टाकण्याची खोड असते, त्यामुळे चाचणी ना हो म्हणते ना नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त पाठवा, असा निरोप आला. खेचराच्या नाकाला काही नव्हतं, गाठी नव्हत्या, खात-पीत होतं. जत्रा त्या आधीच उठली आणि तिच्याबरोबर खुंटाभत्ताही संपला. उरलेल्या दिवसांचे पैसे ताईंच्या पथकाने दिले, हिशोबात कुठल्या खात्यावर टाकायचे हे न ठरवता. दुसरा नमुना दोन्ही चाचण्यांत नकारार्थी आला. खेचर कामाला लागलं.

पुढच्या तुकडीचा वाद

आता पट्टीच्या पुढच्या तुकडीवर काय छापायचं यावर दोन तट आहेत. काकांचं म्हणणं, खेचर-गाढवांच्या पुरेशा पक्क्या निरोगी नमुन्यांवर पट्टी पारखलेली नाही, म्हणून पुडीवर ‘केवळ घोड्यांसाठी’ असं छापा. शास्त्र म्हणून ते बिनचूक आहे. अधिकारी म्हणतात, रोग पसरण्याची खरी भीती भट्ट्यांवर आहे, तिथे घोडे नाहीतच. असं छापलंत तर गरज जिथे आहे तिथूनच पट्टी उठवलीत. मला अधिकाऱ्यांचा मुद्दा जड वाटतो, पण खेचरासाठी वेगळी, अधिक गडद रेघेची मर्यादा ठरवून आणि दुसऱ्या नमुन्यापर्यंतचा भत्ता आधी बाजूला ठेवूनच. गडद मर्यादेने खरा रोगी सुटण्याची शक्यता वाढते, हे काकांनी लगेच दाखवून दिलं आणि ते खरं आहे.

तोवर ताईंनी तीन जिल्ह्यांतल्या भट्ट्यांवरून खेचरांचे ६०० निरोगी नमुने गोळा करायला परवानगीचा अर्ज केला आहे. निरोगी कोणाला म्हणायचं, ते ठरवणारी चाचणी कोणती, हा रकाना अर्जात कोरा आहे. खेचरांवर सीएफटीचा भरवसा नाही, आणि एलायझा पट्टीच्याच प्रथिनावरची.